आठ महिन्यांसाठी परमुलखात : गाडी न्यावी, घ्यावी की भाड्याने वापरावी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : ओझरला राहतो. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आठ महिन्यांचे कंत्राटी काम मिळाले आहे. माझी १२५ सीसीची बाईक २०१९ ची, कर्ज फिटलेले. मित्र म्हणतात, आधी आरटीओची एनओसी काढ, नाहीतर तिकडे दंड भरून थकशील. बाईक न्यावी, की तिकडे जुनी स्कूटर घ्यावी?
— एक वाचक, ओझर

उत्तर : बाईक न्या, आणि एनओसी काढू नका.

एनओसी म्हणजे दुसऱ्या राज्यात गाडी चालवायचा परवाना, असा समज फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते. त्याच कायद्याचे कलम ४७ सांगते की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तरच तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. तुमचे काम आठ महिन्यांचे, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. एनओसी (फॉर्म २८) ठरावीक आरटीओच्या नावाने निघते आणि तिचा अर्थच मुळी 'ही गाडी आता तिकडे नोंदवा' असा असतो. ती काढून तिकडे नोंदणी केली नाही आणि तसेच परत आलात, तर ती रद्द करायला 'ही एनओसी वापरली गेलेली नाही' असे पत्र बंगळूरच्या आरटीओकडून आणावे लागते. तोवर नाशिकच्या पेठरोडवरील आरटीओ कार्यालयात तुमच्या गाडीचे दुसरे काम पुढे सरकत नाही. फी भरून ओढवून घेतलेला त्रास.

तपासणीत अडवले तर गाडी कर्नाटकात केव्हा आली एवढेच दाखवायचे असते. मालवाहतुकीची पावती, रेल्वेची पार्सल पावती, वाटेतल्या पेट्रोलचे बिल, कंपनीचे रुजू होण्याचे पत्र, घराचा भाडेकरार, यातले तारखेचे दोन कागद फोनमध्ये ठेवा. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमधले चालते. गॅलरीतला फोटो मात्र त्या कागदाची जागा घेत नाही.

निघण्याआधी नाशिकमध्येच उरकायच्या तीन गोष्टी आहेत, कारण परक्या गावातून त्या सगळ्या होत नाहीत.

कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) आपोआप उतरत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. बँकेच्या पत्राला मुदत असते. ते कपाटात जुने झाले असेल तर नवे मागा.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची की नंतरची, ते आरसीवर पाहा. आधीची असेल तर शोरूममधून उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) मिळालेली नसणार. ती बसवून घ्या, नाहीतर बोजा उतरवण्यासारखी कामे अडतात.

तिसरी गोष्ट विम्याची, आणि ती सगळ्यात जास्त विसरली जाते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा) विमा सक्तीचा झाला. २०१९ च्या गाडीचा तो विमा २०२४ मध्येच संपला. पाच वर्षे काही करावे लागले नाही, म्हणून पुढेही करायचे नसते असे वाटून अनेकजण बिनविम्याची गाडी फिरवतात. चालू विमा असेल तर तो देशभर चालतो. बंगळूरला नेली म्हणून तो बदलायचा नसतो.

आता न्यायची कशी?

चालवत नेणे सर्वात स्वस्त. नाशिक-पुणे २१० आणि पुणे-बंगळूर ८४० मिळून साधारण १,०५० किलोमीटर. लिटरला ४५ चे अॅव्हरेज धरले तर २३-२४ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. बेळगाव जवळजवळ निम्म्यावर येते, मुक्काम तिथे करा. एका दिवसात पोचायचा हट्ट धरू नका. निघायच्या आधी ऑइल, चेन, ब्रेक शू आणि टायरची हवा बघा. पावसाळ्यात असेल तर हा पर्याय सोडून द्या.

रेल्वेने पाठवायची तर आपल्या नाशिककरांची एक अडचण आहे. नाशिकरोडला गाड्यांचा थांबा काही मिनिटांचा, आणि पार्सलच्या डब्यातली बरीच जागा आधीच ठेकेदारांना दिलेली असते. बाईक फलाटावर पडून राहते ती याच कारणाने. शिवाय बंगळूरकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस नाशिकरोडवरून जातच नाही. ती मनमाडहून अहिल्यानगर-दौंडमार्गे वळते. मनमाडला चढवणे जमेल, पण त्यापेक्षा बाईक पुण्यापर्यंत चालवत न्या आणि तिथून पाठवा. मोठे स्थानक, जास्त गाड्या, पॅकिंगवाले पार्सल कार्यालयाच्या दारातच उभे.

त्याच गाडीचे तिकीट असेल तर बाईक 'लगेज' म्हणून जाते. दर जास्त, पण ती तुमच्याबरोबर पोचण्याची शक्यताही जास्त. 'पार्सल' म्हणून दिली तर जागा मिळेल तेव्हा जाते. पावती करताना किंमत जाहीर करा आणि टक्केवारीचे शुल्क भरा. नाही केली तर नुकसान झाल्यास रेल्वेची जबाबदारी वजनावर मोजली जाते. पार्सलला किलोमागे ५० रुपये, म्हणजे १२० किलोच्या बाईकचे ६,००० रुपये फक्त.

पेट्रोल पूर्ण काढावे लागते. कार्ब्युरेटरची गाडी असेल (२०१९ च्या १२५ सीसीत बहुतेक तीच) तर कॉकची नळी काढून टाकी रिकामी करा, मग इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरमधले उरलेलेही जाळून टाका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाडीला मात्र हे करू नका. तिचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो. कोरडा चालवला तर खराब होतो. तिचे पेट्रोल नळीने ओढून काढा, आणि उतरवल्यावर दोन लिटर तरी टाकून, चावी दोन-तीनदा चालू-बंद करून मगच स्टार्टर मारा.

आरसे काढून पिशवीत घ्या. काही गाड्यांच्या उजव्या आरशाला उलटे आटे असतात, जोर लावण्याआधी ते पाहा. पॅकिंगमध्ये टाकी, हेडलाइट, सायलेन्सर आणि दोन्ही लिव्हर यांच्यावर गोणपाटाखाली फोम असला पाहिजे. नुसती गोणी चट्टे उठवते. हँडल लॉक करू नका आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. लॉक असली की हमाल ती उचलून आपटत नेतात. पोचल्याचे कळले की लगेच सोडवा, कारण मोफत मुदत काही तासांचीच असते आणि नंतर स्थानकात जागा अडवल्याचे पैसे लागतात.

पॅकर्स-मूव्हर्सकडे दिली तर दोन गोष्टींना नाही म्हणा. वाटेत 'चेकपोस्टचा टॅक्स' किंवा 'जकात' भरायची म्हणून फोन येतो. जकात केव्हाच गेली आणि वापरातल्या तुमच्या बाईकवर असा कर नसतो. दुसरे म्हणजे 'ट्रान्झिट इन्शुरन्स' म्हणून किमतीच्या काही टक्के घेतात आणि स्वतःचीच पावती देतात. विमा कंपनीचा पॉलिसी क्रमांक नसेल तर तो विमा नव्हे. गाडी देताना मीटरचे रीडिंग आणि चारही बाजूंचे फोटो बिल्टीसोबत (वाहतूकदाराच्या पावतीसोबत) ठेवा.

आणि हिशोब नेहमी जाऊन-येऊन मांडा. नेण्याचे समजा सहा हजार ऐकून लोक खूश होतात. आठ महिन्यांनी आणायचेही सहा हजार लागतात. एवढे धरूनही तुमच्या बाबतीत स्वतःची बाईकच स्वस्त पडते, म्हणून वर 'न्या' म्हटले.

प्रश्न : माझ्याकडे नाशिकमध्ये फक्त घरची चारचाकी आहे, ती घरच्यांना लागते. दहा महिन्यांसाठी हैदराबादला जात आहे. तिथे जुनी स्कूटर घेऊन जाताना विकायचा विचार आहे. एजंट म्हणतो, 'नावावर कशाला करताय, टीटी (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतो, पुढच्या गिऱ्हाईकाला तसेच देऊ.'
— एक वाचक, सिडको

उत्तर : घेणे-विकणे ठीक. सह्या करून ठेवलेला फॉर्म मात्र अजिबात नको.

विमा गाडीच्या आधीच्या मालकाच्या नावावर राहिला, तर थर्ड पार्टीचा भाग तुमच्याबरोबर येतो, पण गाडीच्या नुकसानीचा नाही. तो आपल्या नावावर करायला खरेदीपासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. नाही कळवले आणि स्कूटर चोरीला गेली, तर ज्याच्या नावे पॉलिसी त्याची गाडी नाही आणि ज्याची गाडी त्याच्या नावे पॉलिसी नाही, असे म्हणून दावा फेटाळतात. नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तुम्हाला मिळत नाही. म्हणून 'विम्यात ५० टक्के बोनस आहे' असे सांगून कोणी किंमत वाढवत असेल तर त्याला मोल नाही.

विकताना उलटी बाजू येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. तुम्ही नाशिकला परत आलात, स्कूटर चौथ्याच माणसाकडे आहे आणि नाव तुमचे आहे, ही स्थिती नाव बदलण्याचा थोडा खर्च वाचवण्याच्या लायकीची नाही.

नावावर करायला विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि ३०, विमा, पीयूसी आणि तिथला पत्ता लागतो. परगावच्या माणसाचे घोडे पत्त्यापाशीच अडते. भाडेकरार 'आज करू, उद्या करू' चालत राहतो. तेव्हा आधी करार, मग गाडी. खोली कंपनीची असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर राहण्याचे पत्र मागा आणि ते चालेल का, हे पैसे देण्याआधी तिथल्या आरटीओत विचारून घ्या.

स्कूटर बघायला जाताना फोनवरच सांगा की आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन एका सेल्फला पेटते का आणि धूर निळा येतो का, ते तेव्हाच कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. गाडी कमी चालली म्हणतात आणि टायर, सीट, ब्रेक लिव्हर सगळेच झिजलेले, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. वीस-पंचवीस हजार किलोमीटर झाले असतील तर ड्राइव्ह बेल्ट आणि रोलर कधी बदलले ते विचारा. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. चॅसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडा. बोजा आणि थकलेले चलान परिवहनच्या साइटवर दिसते.

दहा महिन्यांनी ती स्कूटर आवडली म्हणून नाशिकला आणू नका. तेलंगणाचा कर तिथे भरलेला असला तरी महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागेल.

प्रश्न : जामनगरला रिफायनरीच्या शटडाऊनवर ४५ दिवस फिटर म्हणून जायचे आहे. सोबत बाईक घेऊ का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नको. पंचेचाळीस दिवसांत पॅकिंग, भाडे आणि परतीचे भाडे वसूल होत नाही, आणि शटडाऊनला बारा-बारा तासांच्या पाळ्यांत बाईक उभीच राहते. रिफायनरी मोटी खावडीकडे, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ठेकेदाराची बस कुठून सुटते, रात्रपाळीलाही असते का, रविवारी असते का, हे होकार देण्याआधी व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. बस नसेल तर प्रवासभत्ता किती, तेही. शहरात फिरायला भाड्याची स्कूटर घेतलीच, तर पाटी काळी आणि अक्षरे पिवळी आहेत का ते बघा. पेट्रोलची स्वतः चालवायची भाड्याची गाडी कायदेशीर असेल तर पाटी तशी असते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल, तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. तारण म्हणून मूळ आधार किंवा लायसन्स देऊ नका, रोख अनामत देऊन पावती घ्या.

प्रश्न : आम्ही इंदूरचे. यजमानांना सिंहस्थाच्या कामासाठी कंपनीने नाशिकला पाठवले आहे, काम २०२७ पर्यंत चालेल. एमपी-०९ ची कार आणली आहे. नंबर बदलावा का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : इंदूर-नाशिक अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा कार चालवत आणलीत हे बरे केले. नियम ओझरच्या वाचकांना सांगितला तोच, पण तुमचे काम बारा महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर तो तुमच्या विरुद्ध जातो. दहावा महिना लागला की हातात किती काम उरले ते कंपनीला विचारा. पुढे वर्षभर राहणार असाल तर इंदूरच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर, हा खर्च करावाच लागेल. मध्य प्रदेशच्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवी आरसी हातात आल्यावर, आणि त्याला वेळ लागतो. तो परतावा बजेटमध्ये धरू नका. कार महिन्या-दोन महिन्यांनी घरी जात असेल तर फास्टॅगचे स्टेटमेंट जपून ठेवा. मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या बाजूचे टोल तारखेसकट त्यात येतात, आणि गाडी सलग इथेच नव्हती हे त्यावरून दाखवता येते.

यजमानांची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेली असेल तर बीएच (भारत) मालिकेच्या नंबरचा विचार करा. कंपनीने फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) दिला की डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या गाडीलाही तो नंबर घेता येतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली की नंबर तोच राहतो. दर दोन-चार वर्षांनी राज्य बदलणाऱ्या नोकरदारांसाठी ही सोय चांगली आहे. एकदाच बाहेर आलेल्या माणसासाठी एवढा खटाटोप आम्हाला जास्त वाटतो.

पर्वण्यांच्या दिवशी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांवर खासगी गाड्या अडवल्या जातात. यजमानांच्या पासवर गाडीचा नंबर लिहिलेला असेल आणि नंबर मधेच बदलला, तर पासही बदलून घ्यावा लागेल. नंबर बदलायचाच असेल तर २०२७ च्या उन्हाळ्याच्या आधी उरका.