धरण उशाला, तरी टँकरची वाट

प्रश्न : काका, आसनगावच्या पुढे वीकेंडला राहण्यासाठी प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो, ‘‘तालुक्यात तीन-तीन धरणं, पाण्याची काय काळजी?’’ पण मे महिन्यात त्याच रस्त्यावर टँकर उभे दिसले. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात टँकर कसे? आणि आमच्यासारखे लोक आल्याने गावाचं भलं होतं की नुकसान?
– एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, एजंट खोटं बोलत नाही, अर्धंच सांगतो. मी याच शहापूर तालुक्यात ग्रामसेवक होतो. उन्हाळा टंचाईचे प्रस्ताव लिहिण्यातच जायचा. तीन धरणं आहेतच: तानसा १८९२ सालचं, मग मोडकसागर, भातसा. मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून जातं. पण पाणी खाली दरीत आणि पाडे वर डोंगराला. मोठ्या जलवाहिन्या गेल्या त्या मुंबईकडे. पाड्यावर पाणी चढवायचं तर पंप हवा, त्याचं वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचं. बिल थकलं की योजना बंद. पाऊस धो-धो पडतो, पण खाली काळा कातळ. मुरण्याआधीच पाणी वाहून जातं आणि मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

टँकर आला तरी बऱ्याच पाड्यांवर तो हंडे भरून देत नाही, पाणी विहिरीत ओततो. तळाचा गाळ ढवळून पाणी चहासारखं होतं. बाया हंड्याच्या तोंडावर लुगड्याची दुहेरी घडी धरून ते गाळून घेतात. टँकरच्या वेळेचा नेम नाही, म्हणून घरातली एक बाई त्या दिवशी मजुरीला जात नाही. हा खाडा कुठल्याच टंचाई अहवालात येत नाही.

शहराने गावाला काहीच दिलं नाही असं मात्र म्हणणार नाही. कसारा लोकलमुळे स्टेशनलगतची पोरं कल्याण-ठाण्यात कामाला लागली. भेंडी, काकडी, जून लागताना शेवळं, सगळं पहाटेच्या गाडीने कल्याण-दादरला जातं. पण तीच लोकल संध्याकाळी मास्तर, नर्सबाई आणि (खोटं कशाला बोलू) आम्हा ग्रामसेवकांनाही कल्याणला घेऊन जाते. मुख्यालयी राहायचा नियम कागदावर. रात्री बाळंतीण अडली की १०८ला फोन, गाडी येईपर्यंत सुईणीचा आधार. मग तालुक्याला जा, आणि तिथून ‘ठाण्याला न्या’ची चिठ्ठी.

तुमच्या बंगल्यांनी माळ्याचं, वॉचमनचं काम येतं, हे खरं. पण चार बंगल्यांचे चार बोअर लागले की पाड्याची विहीर आणखी लवकर आटते. मला विचाराल तर नुकसानाचं पारडं जड आहे, आणि ते हलकं करणं तुमच्या हातात आहे. सरकारी पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना बोअर घेता येत नाही, ते आधी ग्रामपंचायतीत विचारा. सातबाराही बघा. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला अशी सरळ घेता येत नाही, आणि आदिवासीची जमीन तर सरकारी परवानगीशिवाय नाहीच. छपराचं पाणी साठवायची टाकी नकाशातच धरा, पावसाला तिकडे तोटा नाही. बोअर मार्चनंतर चालतो का, हे शेजारच्या बंगल्याच्या वॉचमनला विचारा, मालकाला नको.