मानसशास्त्र शिकायला घेताय? आधी प्रयोग बघा

नव्याने सुरुवात करताय, तर व्याख्या घोकत बसू नका. विचार डोळ्यांना दिसत नाही; मग तो मोजायचा कसा, हा या विषयाचा गाभा आहे आणि मला तरी तोच सगळ्यात जास्त आवडतो. स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा १९३५ चा प्रयोग घरी करून पाहा. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहा, 'हिरवा' लाल शाईत, असे वीसेक शब्द. आता शब्द न वाचता फक्त शाईचा रंग पटापट सांगा. जीभ अडखळते! वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही, आणि ही अडखळण घड्याळ लावून मोजता येते.

शिकण्याबद्दल रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा अभ्यास जरूर वाचा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनी जास्त आठवलं; आठवड्याने मात्र बाजी मारली ती उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांनी. चाचणी केव्हा घेतली यावर निकालच फिरला. म्हणून कुठलाही निष्कर्ष वाचताना मोजमाप कधी आणि कसं केलं, ते आधी शोधा. संख्याशास्त्र टाळू नका, पहिल्या वर्षीच त्याला हात घाला.