इंग्रजी सर्वनामं: आधी काम पाहा, प्रकार नंतर

मुलगी सातवीत आहे. सर्वनामांचे आठही प्रकार तिला तोंडपाठ आहेत. तरी 'धिस बुक इज माइन' या वाक्यात 'धिस'ला दर्शक सर्वनाम म्हटलं म्हणून गुण गेले. पुस्तकातल्या यादीत तर 'धिस' आहे! (एक पालक, सांगली)

गुण गेले ते बरोबरच गेले, पण दोष मुलीचा नाही, यादी पाठ करून घेण्याचा आहे. सर्वनाम नामाच्या ऐवजी येतं. इथे 'बुक' हे नाम 'धिस'च्या शेजारीच उभं आहे, मग 'धिस' कोणाच्या ऐवजी आला? तो फक्त कुठलं पुस्तक ते सांगतोय, म्हणून इथे तो विशेषण. 'धिस इज माय बुक' म्हटलं की तोच शब्द एकटा कर्ता होतो आणि सर्वनाम ठरतो. मुलीला मराठीच्या तासाला हे शिकवलेलं असणार: 'हे माझं आहे' यातलं 'हे' सर्वनाम आणि 'हे पुस्तक' यातलं 'हे' सार्वनामिक विशेषण. दोन्ही विषयांची सांगड घालून द्या, निम्मं काम तिथेच होईल.

आता त्याच वाक्यातला 'माइन' पाहा. तो 'माझं पुस्तक' या दोन शब्दांची जागा एकटा भरतो, म्हणून तो खरा स्वामित्वदर्शक सर्वनाम. 'माय'ला पुढे नाम लागतंच. 'युअर' आणि 'युअर्स', 'हर' आणि 'हर्स', 'देअर' आणि 'देअर्स' यांचंही तसंच. 'हिज' तेवढा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे तिथे वाक्य वाचण्याला पर्याय नाही.

'दॅट' तर एकटा चार कामं करतो. 'दॅट इज माय हाउस' यात दर्शक सर्वनाम, 'दॅट हाउस' यात विशेषण, 'द हाउस दॅट वी बॉट' यात संबंधी सर्वनाम आणि 'आय नो दॅट ही इज इल' यात नुसतं उभयान्वयी अव्यय. मुलीला ही चार वाक्यं वहीत लिहायला सांगा आणि प्रत्येकाखाली 'दॅट' काय करतोय ते तिच्या शब्दांत लिहू द्या. व्यक्तिवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित आणि परस्परवाचक ही नावं मग आपोआप लक्षात राहतात.

बँकेच्या ईमेलमध्ये आमच्या साहेबांबद्दल 'दे विल रिटर्न ऑन मंडे' असं लिहिलं. ग्राहकाने विचारलं, किती जण येणार आहेत? पण साहेबांना 'ही' कसं म्हणायचं? (एक वाचक, नाशिक)

तुमचा संकोच मी समजू शकते. 'साहेब आले, ते म्हणाले' हे आपल्या जिभेवर इतकं बसलंय की 'ही' लिहिताना आपण साहेबांना अरे-तुरे करतोय असं वाटतं. पण इंग्रजीत तिसऱ्या पुरुषात आदरार्थी बहुवचन नाही. राष्ट्रपती असोत वा वडील, पुरुष असतील तर 'ही' आणि स्त्री असतील तर 'शी'. आदर दाखवायचा तो नावाआधीच्या 'मिस्टर' किंवा 'डॉक्टर'मधून, 'कुड यू', 'वुड यू' अशा विनंतीतून. तेव्हा निःशंक मनाने 'ही' लिहा.

याच मुळाची दुसरी चूक लिंगाची. मराठीत खुर्ची 'ती' आणि पंखा 'तो', पण इंग्रजीत दोन्ही 'इट'.

'मायसेल्फ संदीप' अशी ओळख करून दिली की इंग्रजी माध्यमातली मुलं हसतात. यात चुकतं काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लातूर)

हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, नियम सोपा आहे. 'मायसेल्फ', 'हिमसेल्फ' ही आत्मवाचक सर्वनामं कर्त्याची क्रिया कर्त्यावरच उलटते तेव्हा येतात: 'ही हर्ट हिमसेल्फ', त्याने स्वतःलाच लागून घेतलं. किंवा जोर द्यायला येतात: 'आय मायसेल्फ सॉ इट'. ओळख करून देताना क्रिया कुठेच उलटत नाही, म्हणून सरळ 'आय ॲम संदीप'. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ'ही नको, तिथे 'मी' हवा, म्हणजे इंग्रजीतला 'मी'. उलट जिथे हे सर्वनाम हवं तिथे आपण ते गाळतो. सहलीहून आल्यावर 'वी एन्जॉइड अ लॉट' म्हणतो, ते 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज' हवं, किंवा 'वी एन्जॉइड द ट्रिप'.

खरी अडचण मात्र पुढे आहे. 'सुरेशने रमेशला आपल्या घरी नेलं.' घर कोणाचं? सुरेशचं, शंकाच नाही. 'त्याच्या घरी नेलं' म्हटलं की बहुधा रमेशचं. मराठीचा 'आपला' कर्त्याला घट्ट धरून असतो. इंग्रजीत असा शब्दच नाही. 'सुरेश टुक रमेश टु हिज हाउस' यात 'हिज' दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, आणि लिहिणाऱ्याच्या मनात 'आपला' असल्यामुळे त्याला हा गोंधळ दिसतच नाही. अर्जात, तक्रारीत, कराराच्या मसुद्यात याने अनर्थ होतो. म्हणून एका वाक्यात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया आल्या की थांबा. 'हिज ओन हाउस' लिहा, नाहीतर नाव पुन्हा लिहा. नावाची पुनरुक्ती कानाला खटकली तरी चालेल, पण अर्थ संदिग्ध राहता कामा नये.

आयर्लंडमधल्या माझ्या मुलीच्या ऑफिसात एक सहकारी स्वतःसाठी 'दे' वापरायला सांगतात. एका माणसाला 'दे' हे व्याकरणात बसतं का? (एक आई, पुणे)

बसतं. व्यक्ती कोण हे माहीत नसताना एकवचनी 'दे' वापरायची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे: 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला'. स्वतःला पुरुष किंवा स्त्री यांपैकी एकात न बसवणाऱ्या व्यक्तीसाठी तो वापरणं मात्र अलीकडचं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेने 2019 साली तो मान्य केला, आणि त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर कोशाने 'दे'ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. क्रियापद अनेकवचनीच ठेवायचं: 'दे आर', 'दे इज' नव्हे. हे विचित्र वाटत असेल तर 'यू' आठवा. एकेकाळी 'दाऊ' हा एकट्यासाठी आणि 'यू' अनेकांसाठी किंवा आदराने असा भेद इंग्रजीत होता. 'दाऊ' मागे पडला, 'यू' एकट्यालाही लागू झाला, आणि 'आर' मात्र टिकला. सहकारी सांगतात तसंच मुलीने लिहावं.

'बिट्वीन यू अँड आय' की 'अँड मी'? 'हू' की 'हूम'? 'ईच अदर' की 'वन अनदर'? (स्पर्धा परीक्षेची उमेदवार, अमरावती)

'बिट्वीन यू अँड मी'. शब्दयोगी अव्ययाच्या आणि क्रियापदाच्या पुढे कर्माचं रूप येतं. शंका आली की दुसऱ्या माणसाला वाक्यातून बाजूला करा: 'सर कॉल्ड रवी अँड आय' यातून रवी काढला तर 'सर कॉल्ड आय' उरतं, म्हणजे चूक. 'हूम'लाही हीच कसोटी: उत्तरात 'हिम' येत असेल तर 'हूम', 'ही' येत असेल तर 'हू'. बोलताना आज बहुतेक जण 'हू डिड यू मीट' म्हणतात, पण उत्तरपत्रिकेत 'हूम' लिहा. दोघांसाठी 'ईच अदर' आणि जास्त जणांसाठी 'वन अनदर' हा भेद चांगल्या लेखकांनी कधीच काटेकोर पाळलेला नाही, पण परीक्षक पाळतात. तुम्हीही परीक्षेपुरता पाळा.