डोरेचं कबूतर: शांतीचं की शांततेचं?

प्रश्न असा आहे: फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेने १८६६च्या बायबलसाठी काढलेलं, देवाच्या कोपाने आलेल्या महापुरात नोहाला वाचवणाऱ्या तारवातून सोडलेल्या कबुतराचं चित्र एका मराठी लेखात छापायचं आहे. खाली ‘शांततेचं प्रतीक’ लिहावं की ‘शांतीचं’?

‘शांतीचं’ लिहा.

शांतता म्हणजे गोंगाट नसणं, भांडण नसणं. वाचनालयात शांतता राखतात, सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते, दोन देश शांतता करार करतात. ‘शांती’ला मनःशांतीचा अर्थ आहेच, पण त्याहून जुनी एक छटा आहे: शमन. काहीतरी खवळलंय, कोपलंय, ते निववायचं. वास्तुशांत, ग्रहशांत, मूळ नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाची शांत, या सगळ्यांत हाच अर्थ आहे. तिथे ‘वास्तुशांतता’ म्हणून बघा, कानाला लगेच खटकतं.

आता चित्र बघा. तारू लांब डोंगरमाथ्यावर टेकलंय. पुढे, पाणी ओसरलेल्या उतारावर, बुडून मेलेल्यांची प्रेतं पडली आहेत आणि त्यांच्यावरून एकटं पांढरं कबूतर उडतंय. यात कुणाचा कुणाशी तह झालेला नाही. कोप ओसरला आहे, एवढंच. डोरेने प्रेतं झाकली नाहीत, म्हणूनच हे चित्र मला फार मोठं वाटतं. ही गोष्ट जिथे येते त्या, बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातही या पक्ष्याचं काम जमीन दिसते का ते पाहण्याचं आहे; दुसऱ्या फेरीत ते जैतुनाचं कोवळं पान घेऊन येतं, तिसऱ्या फेरीनंतर परतत नाही. शांतीचा उल्लेख त्या अध्यायात नाही. तो अर्थ पुढच्या भाष्यकारांनी दिला. कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन २००च्या सुमारास, बाप्तिस्म्यावरच्या पुस्तिकेत, या कबुतराने पृथ्वीला ‘स्वर्गीय कोपाची शांती’ कळवली असं लॅटिनमध्ये लिहिलं. मराठीत हे शब्दशः आणलं तरी जराही परकं वाटत नाही, कारण कोपाची शांती आपण करतोच.

डोरेच्याच, एकोणिसाव्या शतकात रंगवलेली दुसरी प्रतिमा मात्र वेगळी आहे: बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातले लांडगा-कोकरू, चित्ता-करडू, आणि त्यांना वळणारं लहान मूल. इंग्रज चित्रकार रिचर्ड वेस्टॉलचं या विषयावरचं चित्र बायबलच्या प्रतींतून छापलं जाई. त्यावरून पेनसिल्व्हेनियाच्या एडवर्ड हिक्स या क्वेकर (युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) चित्रकाराने १८४९मध्ये मरेपर्यंत साठेक चित्रं रंगवली. अनेकांत मागे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन मूळ रहिवाशांशी तह करताना दिसतो. इथे ‘शांतता’ चालेल, पण मी ‘सलोखा’ लिहीन. एकमेकांना खाणारे एका जागी नांदतात, त्याला मराठीत हाच शब्द शोभतो.

समारंभात सोडतात त्या कबुतरांना ‘शांततेचं प्रतीक’ म्हणायला हरकत नाही. तिथे युद्धबंदीचाच अर्थ आहे, आणि १९४९च्या पॅरिस शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावरच्या पिकासोच्या कबुतराने तो जगभर पक्का केला. डोरेच्या चित्राखाली जागा असेल तर ‘कोप शमल्याची खूण’ असं सरळच लिहा.