वाचक विचारतात : एडीएचडी वाढला की नोंदी वाढल्या?

प्रश्न : वीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेते. पूर्वी वर्गात चार पोरं ‘वांड’ असायची, एवढंच. आता दर वर्षी कुणीतरी पालक एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता या त्रासाचा, कागद घेऊन येतात. हे मोबाइलमुळे वाढलंय का? — एक शिक्षिका, केज

उत्तर : बाई, नोंदी वाढल्यात हे खरं. अमेरिकेत पालकांच्या राष्ट्रीय पाहणीत ‘मुलाला असं निदान झालं होतं’ म्हणणारे 2003 साली 7.8 टक्के होते, 2011 साली 11 टक्के. पण जगभरचे अभ्यास 2014 साली एकत्र मांडले आणि तपासणीच्या पद्धतींतला फरक वजा केला, तेव्हा तीन दशकांत प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. चाळणीची भोकं मोठी केली की खाली जास्त पडतं, तसं हे आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 पर्यंत या आजाराच्या नावातच अतिचंचलता होती, म्हणून धावणारी पोरंच दिसायची. 1980 पासून लक्ष न लागण्याला महत्त्व आलं. 1994 मध्ये तीन प्रकार ठरले, तेव्हा गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगीही त्यात मोजली जाऊ लागली. 2013 मध्ये लक्षणं सातऐवजी बाराव्या वर्षाआधी दिसली असली तरी पुरे, असं झालं. मोबाइलने झोप मोडते आणि लक्षणं जास्त जाणवतात. आजार त्यानेच होतो असं म्हणता येत नाही.

एक काम तुमच्या हातात आहे. ‘डॉक्टरला दाखवा’ अशी चिठ्ठी देण्याआधी हजेरीपटावरची जन्मतारीख बघा. अमेरिकेत शाळाप्रवेशाच्या वयाला 1 सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना हे निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त मिळालं. आपल्याकडे 31 डिसेंबरची अट आहे, म्हणून डिसेंबरचं लेकरू जानेवारीच्या लेकराशेजारी वांडच वाटणार.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा. आईबाप ऊसतोडीला जातात, कधी त्याला नेतात, कधी माझ्याकडे ठेवतात. शाळा म्हणते, डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. — एक आजी, पाटोदा तालुका

उत्तर : आजी, दाखवा, पण आधी चार गोष्टी तपासून घ्या. कान वाहतो का, फळा नीट दिसतो का, रक्त कमी आहे का, आणि बोलता बोलता पाच-दहा सेकंद टक लावून हरवतो का. शेवटचं दिसलं तर ती फिट असू शकते. ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. दर वर्षी पाच-सहा महिने शाळा बुडाली की अक्षरच ओळखीचं राहत नाही, आणि न कळणाऱ्या धड्यासमोर कुठलंही पोरगं चुळबुळ करतं.

निदानाला लक्षणं सहा महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसलेली लागतात. म्हणून दोन आठवडे वही ठेवा. तुम्हाला जमत नसेल तर शेजारच्या पोरीकडून लिहून घ्या. ‘फार त्रास देतो’ असं लिहू नका. ‘मंगळवार, पाढे लिहायला बसला, चार मिनिटांत उठला, दोनदा पाणी प्याला, दहापैकी तीन ओळी लिहिल्या’ असं लिहा. सून-मुलाकडून फोनवर कोपीवरचं, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवरचं, वागणंही विचारून घ्या. कागद फक्त शाळेचाच असेल तर निदान अर्धवट राहतं. वही आणि बाईंची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकडूनही तिथली चिठ्ठी मिळते. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा.

प्रश्न : मुलाला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट हे औषध लिहून दिलं. इथल्या मेडिकलवर मिळत नाही, आणि मिळाल्यापासून भूकच मेली. — एक आई, परतूर

उत्तर : ताई, हे औषध कडक नियमाखाली येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, म्हणून सगळे मेडिकलवाले ते ठेवत नाहीत. जालन्याला किंवा संभाजीनगरला जाण्याआधी फोन करा आणि पाकीट संपायच्या आठ दिवस आधी निघा.

गोळी सकाळी, पण भाकरी-दूध पोटात गेल्यावर. दुपारी भूक नसेल तर बळजबरी नको. संध्याकाळी असर उतरला की भूक लागते, तेव्हा पोटभर वाढा. दुपार उलटल्यावर डोस दिला तर रात्री झोप लागत नाही. दिवसभर चालणारी गोळी कुटून किंवा चावून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात जातं. दर तीन महिन्यांनी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवा. वजन उतरत राहिलं तर डॉक्टरांना दाखवून डोस बदलून घ्या, स्वतःच्या मनाने अर्धी गोळी करू नका.