मागणीपत्राची पहिली ओळ

कॉम्रेड,

नेटच्या तारा जोडणाऱ्या तुम्हा कंत्राटी पोरांच्या मागणीपत्राचा तुझा मसुदा दोनदा वाचला, चहा गार झाला. किमान वेतन, पीएफ, विमा, खांबावर चढायला सेफ्टी बेल्ट, आणि सगळ्यात शेवटी सातवी मागणी : ‘ग्रामीण भागात ब्रॉडबँड सुधारावे.’ कमिटीतले हसतात, ती ठेवू की काढू, असं विचारतेस.

काढू नकोस. वर घे. पहिली ओळ गावाची.

ठेकेदार तीन-तीन महिने पैसे थकवतो, हे मला सांगू नकोस. पोट मलाही होतं. तरी पहिली ओळ गावाचीच.

आमच्या एका संपात मी गेटवर घोषणा देत होतो. शेजारच्या गावचे गुरुजी सायकलवरून उतरले आणि म्हणाले, “तुमचा संप आजपासून. आमचा फोन दीड महिना मुका आहे, तो कुणाचा संप?” सगळे हसले. ती तक्रार माझ्याच वहीत होती, मीच रोज उद्यावर ढकललेली. आता बावीस गावं, एक शिडी, पावसात कुजलेले जॉइंट, एकटा माणूस किती धावणार? पण हे त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. मी घोषणेचा आवाज वाढवला.

फेब्रुवारी 2019 मध्ये बीएसएनएलच्या युनियनांनी तीन दिवस संप केला. वेतन-पेन्शनबरोबर फोरजी स्पेक्ट्रमचीही, म्हणजे मोबाइलवर वेगवान नेट द्यायला लागणाऱ्या लहरींचीही मागणी होती, आणि ती रास्त होती. कंपनीचं देशभरातलं फोरजी सुरू व्हायला सप्टेंबर 2025 उजाडलं! मधल्या काळात, 31 जानेवारी 2020 ला, 78 हजारांवर माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात घरी गेली. तेव्हा किती गिऱ्हाइकं त्यांच्यासाठी रस्त्यावर आली? ‘स्पेक्ट्रम’ म्हटल्यावर कुठली म्हातारी मोर्चात येईल? ‘नातवाचा फॉर्म भरता भरता नेट जातं’ म्हण, येईल.

अमेरिकेतल्या कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या युनियनने हे ओळखलं. 2006 मध्ये त्यांनी ‘स्पीड मॅटर्स’ मोहीम काढली. लोकांनाच आपापल्या घरचा वेग मोजायला लावला आणि राज्यवार आकडे छापले. तारा ओढणाऱ्यांची युनियन, पण कागदावर गिऱ्हाइकाचा आकडा. वेग हवा म्हणजे फायबर, नेट वाहून नेणारी काचेची तार, हवी, फायबर हवी म्हणजे ती जोडणारे हात हवेत. तुझा पगार तिथून येतो. आता तरी कळतंय का?

आपल्याकडे पंचायतींना फायबरने जोडायची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. फायबर आली म्हणजे नेट आलं असं नाही. एका पंचायतीत मी फायबर जिथे येते तो नेटचा डबा उघडला तर दिवे विझलेले, वर धूळ, आणि त्याचा प्लग काढून तिथे पंखा लावलेला. कुणाला दोष देऊ? पंचायतीपासून घरापर्यंतची वायर ओढायची कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

तुम्ही पोरं रोज फायबरची टोकं सांधणारं स्प्लायसिंग मशीन घेऊन फिरता, केसाएवढी काच जुळवता. कुठे दिवा लागतो, कुठे नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? एक वही कर : गाव, तारीख, वेग, किती दिवस बंद. आपली चूक असेल तर तीही लिही. मी लिहिली नाही.

रविवारपर्यंत नवा मसुदा पाठव. आणि ते ‘सुधारावे’ खोड. कुठल्या गावात, काय, कधीपर्यंत, ते लिही.

तुझा,
म्हातारा लाइनमन