सून, स्नुषा आणि रशियातली स्नोखा

प्रश्न : मुलाच्या लग्नाची पत्रिका करताना आमच्याकडे वाद झाला. मामंजी म्हणतात संस्कृतात सूनु म्हणजे मुलगा, त्या सूनुची बायको म्हणून सून. हे बरोबर आहे का? आणि मग हिंदीत बहू का म्हणतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मामंजींचा सूनु खरा आहे, इंग्रजी 'सन' त्याचाच भाऊबंद, पण आपली सून तिथून नाही आली. ती आली स्नुषावरून, प्राकृतात सुण्हा झालं आणि मग सून. हिंदीतली बहू म्हणजे वधू, ध चा ह झाला, एवढंच. पंजाबीत मात्र नूंह म्हणतात, ती स्नुषाच.

आणि ही स्नुषा एकटी नाहीये हो! लॅटिनमध्ये नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, आर्मेनियनमध्ये नु, रशियनमध्ये स्नोखा, जुन्या इंग्रजीत स्नोरु, सगळ्यांचा अर्थ सून. या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला शब्द भाषातज्ज्ञांनी यावरून मांडलाय *स्नुसोस. आधी तारा लावतात कारण तो कुठे लिहिलेला सापडत नाही, लेकींचे चेहरे बघून आई कशी असेल ते ओळखायचं तसं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे त्याचा शेवट, ओस हा शेवट एरवी बहुतेक पुल्लिंगी शब्दांचा आणि इथे चक्क सून! ग्रीकने तो तसाच ठेवला, संस्कृतने आ लावून तिला रीतसर बाई केलं.

मधल्या स चं काय झालं तेही बघा. संस्कृतात उ नंतर आला म्हणून ष, रशियनमध्ये ख, ग्रीकमध्ये गायबच, लॅटिनमध्ये र. जुन्या इंग्रजीतही र आहे पण त्याचं कारण वेगळं, डेन्मार्कच्या कार्ल व्हर्नरने १८७७ साली छापलेल्या नियमाप्रमाणे मूळ शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, त्या स च्या आधीच्या अक्षरावर नव्हता म्हणून तो र झाला, आणि वेदातल्या स्नुषाचा स्वर, म्हणजे तिथला आघात, बघायला जावं तर तो खरंच शेवटच्या अक्षरावर! इंग्लंडातला र आणि आपल्या वेदपाठकांनी जपलेला स्वर एकमेकांची साक्ष देतात, मला तर हे दर वेळी वाचताना भरून येतं.

सासू, सासरा, दीर, जाऊ हे शब्दही इतकेच जुने, सासूची लॅटिन बहीण सोक्रुस, दिराचा रशियन भाऊ देवेर. म्हणजे नवऱ्याकडच्या माणसांची नावं भरपूर मिळतात, बायकोच्या माहेरच्यांची मूळ भाषेपर्यंत फारशी नेता येत नाहीत, कारण घर बदलून नव्या माणसांत जायची ती सूनच. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात एक उपमा आहे, सूर्यापासून दूर सरकणारे कसे तर सासऱ्यापासून सरकणाऱ्या सुनेसारखे. मामंजी आले की पदर सावरून आत जाणारी आपली आजी डोळ्यांसमोर येते की नाही?

पत्रिकेत सून छापा नाहीतर स्नुषा, दोन्ही बरोबर, शब्द एकच आहे.